दोन मुलींची उंची

अब्बांच्या किराणा दुकानात एक लांबलचक खतावणी असे. एक रक्कम चुकली की खालच्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा मांडायच्या. हे दुखणे एकट्या अब्बांचे नव्हते. तिकडे अमेरिकेत, हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणारा डॅन ब्रिकलिन वर्गातल्या फळ्यावर हीच खाडाखोड पाहत होता. त्याने बॉब फ्रँक्स्टनच्या साथीने 'व्हिसिकॅल्क' हा प्रोग्रॅम तयार केला. तो १९७९ मध्ये बाजारात आला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलू लागले. १९८३ च्या 'लोटस १-२-३'ने त्याच आकड्यांचे आलेखही काढून दिले, आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' आले.

आलेखाची वंशावळ मात्र याहून सुमारे दोनशे वर्षे जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी काढून दाखवले. स्कॉटलंडपुरते त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेषा कशी ओढणार? म्हणून त्याने सतरा ठिकाणांशी होणाऱ्या व्यापाराच्या पट्ट्या आखल्या. आज आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो, तो असा अपुऱ्या माहितीतून जन्मला. १८०१ मध्ये त्यानेच वर्तुळाचे भाग पाडून आकडे दाखवले.

क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने या चित्रांना वेगळेच काम दिले. १८५८ मध्ये तिने मृत सैनिकांचा आलेख छापला. प्रत्येक महिन्याला एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांनी गेलेले निळ्या रंगात, जखमांनी गेलेले लाल, इतर कारणांनी गेलेले काळ्या. सगळीकडे निळाच रंग पसरलेला! सैनिकांना शत्रूपेक्षा घाणीने अधिक मारले, हे सत्ताधाऱ्यांना एका नजरेत दिसावे, हा तिचा हेतू होता. मात्र पाकळीचे क्षेत्रफळ तिने मृत्यूंच्या प्रमाणातच ठेवले.

हे मला उशिरा कळले. आमच्या मोहल्ल्यातल्या एका शाळेच्या कार्यक्रमासाठी दहावीपर्यंत टिकलेल्या मुलींचा आलेख मीच संगणकावर काढला होता. आदल्या वर्षी २०, त्या वर्षी २२. पडद्यावर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसला. टाळ्या पडल्या, मीही सुखावलो. घरी आल्यावर लक्षात आले, की यंत्राने उभी मोजपट्टी शून्यापासून नव्हे, १९ पासून सुरू केली होती. आकडे खरे होते. चित्र खोटे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी शून्यावर आणून नवा आलेख शाळेत नेऊन दिला. दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे. पाहणारे जरा हिरमुसले. मग एका बाईंनी विचारले, "मग बाकीच्या मुली कुठं गेल्या?"

आदल्या दिवशी, टाळ्यांच्या आवाजात, हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)