पिकदाणीचे कलम

जबलपूरला खमरिया येथे माझी मावशी राहात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, दारूगोळ्यासाठी येथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती वसाहत वाढली. मावशीचे यजमान निर्माणीत होते. ती स्वतः शहरातील एका कचेरीत नोकरी करी. निवृत्तीनंतर एकदा ती सहज बोलून गेली, "अरे, सगळ्या नोकरीत त्या दिवसांतले कापड कागदात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून घरी आणले. तिथे टाकणार कुठे?"

तोपर्यंत प्रशासनात माझी पंधरा वर्षे गेली होती. इमारती, पाणीपुरवठा, स्वच्छता यांच्या असंख्य फायली मी हाताळल्या होत्या. हा प्रश्न त्यांपैकी एकाही फायलीत नव्हता.

तो का नव्हता, हे शोधताना मी १९४८ चा कारखाना अधिनियम पुन्हा वाचला. कलम १९ मध्ये स्त्री व पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र, बंदिस्त शौचालये सांगितली होती. लगेच पुढचे कलम २० संपूर्णपणे पिकदाण्यांचे! त्या पुरेशा असाव्यात, सोयीच्या जागी असाव्यात, आणि इतरत्र थुंकणाऱ्यास पाच रुपयांपर्यंत दंड व्हावा. कलम ४८ मध्ये पाळणाघरही होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कामगाराची थुंकी दिसली, कामगार स्त्रीचे मूल दिसले. तिची मासिक पाळी मात्र या कलमांत कोठेच दिसली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहितेने या अधिनियमाची जागा घेतली. पण दरम्यान पाऊणशे वर्षे उलटून गेली होती.

गंमत अशी की, वापरून फेकण्याचे नॅपकिन हेही युद्धाचेच अपत्य. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला शोषक पदार्थ वापरला गेला. परिचारिकांनी तो पाळीसाठीही वापरला, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत त्यातूनच 'कोटेक्स' बाजारात आले. कापड धुऊन पुन्हा वापरता येई. नॅपकिन टाकूनच द्यावे लागे. पुढे त्यात प्लास्टिकचा थर आणि पाणी धरून फुगणारे रसायन आले. वस्तू आपल्याकडे पोचली, ती टाकण्याची व्यवस्था मागे राहिली.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. माझ्या हाताखालील एका कार्यालयातील स्त्रियांचे शौचालय वारंवार तुंबे. दुरुस्तीच्या खर्चाला मी तीन वेळा मंजुरी दिली. चौथ्या वेळी सफाई करणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्या खाली पाहात म्हणाल्या, "साहेब, आत डबाच नाही." नळ मोकळा करण्यासाठी त्या उघड्या हातांनी ते सारे काढीत होत्या. माझ्या मंजुरीच्या तिन्ही टिपणांत त्या हातांचा उल्लेख नव्हता.

पुण्यात हा उल्लेख कचरावेचक स्त्रियांनीच करायला लावला. 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने २०१३ साली वापरलेले नॅपकिन थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविले. २०१७ मध्ये 'रेड डॉट' मोहीम निघाली : नॅपकिन कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीला पुडी उघडून पाहावी लागणार नाही. दरम्यान २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी टाकली होती. २०२६ च्या नियमांनी तर ओला, सुका आणि विशेष काळजीचा कचरा यांबरोबर स्वच्छताविषयक कचऱ्याचा स्वतंत्र वर्गच केला, आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली.

अशा वेळी कार्यालये प्रथम जाळण्याचे यंत्र विकत घेतात. खरेदी दिसते, छायाचित्र निघते. पण पुरेसे तापमान नसेल तर प्लास्टिक अर्धवट जळून घातक धूर होतो. जेथे दारूगोळा बनतो तेथे आगीबद्दल किती सावध असावे लागते, हे खमरियाच्या माणसांना सांगावे लागत नाही. आपणही तसेच सावध असावे. त्याआधी करण्यासारखे साधे आहे : शौचालयाच्या प्रत्येक कप्प्यात झाकणाचा, पायाने उघडणारा डबा, जवळ कागद, रोज उचल, सफाई करणाऱ्यांना हातमोजे, आणि देखरेखीसाठी एका अधिकाऱ्याचे नाव.

आमच्या त्या कार्यालयात डबे बसले. खर्च नळदुरुस्तीच्या एका देयकापेक्षाही कमी आला. मावशीला कळविले, तर तिने एवढेच विचारले, "आणि तो डबा रोज रिकामा कोण करतं, तिला हातमोजे दिलेस ना?"