'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे काय? बिनव्याजी हप्ता खरंच बिनव्याजी असतो का?

२४ हजारांचा फोन. महिन्याला फक्त ४ हजार, सहा महिने, व्याज शून्य. अशा वेळी गरज नसलेली वस्तूही परवडणारी वाटू लागते. पण 'शून्य टक्के व्याज' असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

मग हे चालतं कसं? बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, त्यामुळे ते जाणवत नाही. वर्षाला १५ टक्के दर धरला, तर या फोनवरचं व्याज साधारण १,०१६ रुपये होतं. क्रेडिट कार्डावर हप्ते केले, तर या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८३ रुपये, तुम्हालाच भरावा लागतो. अनेक बँका प्रोसेसिंग फीही घेतात. एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट हातची गेली, तर तो तोटा वेगळाच.

म्हणून हप्ता ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा. एकरकमी घेतला तर फोन कितीला पडेल? आणि दरमहा ४ हजार बाजूला टाकत गेलात, तर सहा महिन्यांनीही तो हवासा वाटेल का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर २४ हजार वाचले.