चिनी मातीतली अख्मातोवा

रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवाच्या नावात एक ‘अहमद’ दडलेला आहे. जन्माने ती गोरेन्को. मुलगी कविता करते हे वडिलांना रुचले नाही. त्या कवितांखाली आपले आडनाव नको, असे त्यांनी बजावले. मग तिने आईच्या घराण्यातले एक तातार नाव तखल्लुस म्हणून उचलले. आपला वंश तातारांच्या अहमद खानापर्यंत पोहोचतो, असे ती सांगे. वंशावळीचे खरेखोटे बाजूला ठेवू, पण तखल्लुसची गोष्ट उर्दूवाल्यांना तरी परकी वाटणार नाही.

१९२४ मध्ये लेनिनग्राडच्या सरकारी कारखान्यात तिची चिनी मातीची छोटी मूर्ती तयार झाली. उभी, लांब झगा, अंगावर शाल. नताल्या दान्कोने ती घडवली आणि धाकटी बहीण येलेना हिने रंगवली.

हा कारखाना १७४४ सालचा, झारांच्या घराण्याचा. १९१८ मध्ये तो सरकारजमा झाला, तेव्हा गोदामात न रंगवलेली पांढरी भांडी ढिगाने पडून होती. नव्या सरकारने त्यांच्यावरच विळा-हातोडे आणि घोषणा रंगवून घेतल्या. त्यामुळे काही ताटांच्या तळाशी झारचा शिक्काही सापडतो आणि सोव्हिएत शिक्काही. जाणकार संग्राहक ताट हातात येताच आधी उलटे करून बघतो, ते यासाठी. मूर्तींचे तसे नव्हते, त्या नव्याने घडवाव्या लागत. एका साच्यातून अनेक निघत, पण रंग हातानेच दिला जाई. म्हणून एकाच साच्यातल्या दोन मूर्तींचे कपडे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात.

मूर्ती झाली आणि कवयित्रीचे तोंड बंद झाले. तिचा पूर्वीचा नवरा, कवी गुमिल्योव, याला १९२१ मध्येच गोळ्या घातल्या होत्या. १९२५ पासून तिच्या कविता छापणेच थांबले. पुढचे पुस्तक थेट १९४० मध्ये आले. शेल्फवर ठेवायला कवयित्री चालत होती, वाचायला नाही.

दान्कोने मुस्लिम स्त्रियाही घडवल्या, चेहऱ्यावरचा पडदा दूर सारणाऱ्या. मूर्ती देखण्या आहेत, हे मान्य. पण १९२७ मध्ये उझबेकिस्तानात पडदा हटवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली आणि तो काढणाऱ्या कितीतरी बायकांचे खून पडले. मोहीम मॉस्कोच्या पक्षाची होती, सुरा गावातल्या पुरुषांचा, मधे बाई. तो इतिहास गुळगुळीत पांढऱ्या मातीत कुठे उमटणार?

पुढे दान्कोने एक दौतदाणी केली. विषय होता, उझबेक खेड्यात स्टालिनच्या राज्यघटनेवर चाललेली चर्चा. घटना १९३६ ची. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी उझबेक भाषेचे तीन मोठे लेखक, अब्दुल्ला कादिरी, चोलपान आणि फितरत, यांना गोळ्या घालण्यात आल्या. उझबेक कादंबरीची सुरुवात मानली जाते ती या कादिरींच्याच कादंबरीपासून. दौतदाणी करणाऱ्या हातांना हे दिसत होते का, याचा विचार मी अनेकदा करतो. पण दान्कोला एकटीला दोषी धरणेही मला पटत नाही. कारखाना सरकारचा, विषय सरकारचे.

युद्धात लेनिनग्राडला वेढा पडला. दोन्ही बहिणींना शहराबाहेर काढण्यात आले, पण १९४२ मध्ये दोघीही वारल्या. अख्मातोवाला १९४१ च्या अखेरीस पाठवले ताश्कंदला. १९४४ पर्यंत ती तिथे राहिली, आजारी पडली, आणि त्या शहरावर तिने कविता लिहिल्या.