मजुरांची कैफियत आणि लोकमत

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ पत्र काढले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण मजुरांची कैफियत सुशिक्षित समाजापुढे नेण्याचे प्रभावी साधन पुढे हेच पत्र ठरले. १८८० पासून मुंबईत ते चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी गुजरला. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर त्यांनी सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरविली, जीत दोन गिरणी-कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. हे धैर्य विशेष अभिनंदनीय होय. १० जून १८९० रोजी मालकांनी मजुरांची रविवारच्या सुटीची मागणी मान्य केली.