९१ चं कूळ

भारताच्या फोन नंबराआधी लागणारा ९१ दिल्लीत ठरला नाही, जिनिव्हात ठरला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने १९६४ साली जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला पहिला आकडा वाटला. उत्तर अमेरिकेला १, सोव्हिएत संघाला ७. युरोपला मात्र ३ आणि ४ असे दोन आकडे मिळाले. आपल्या वाट्याला नऊचा विभाग आला आणि शेजारी रांगेत बसले: ९१ भारत, ९२ पाकिस्तान, ९३ अफगाणिस्तान, ९४ सिलोन, ९५ ब्रह्मदेश.

दोन आकडी कोड ही तशी चैनच. एक्स्चेंजमधलं यंत्र आकडे एकामागोमाग वाचत जातं. कोड कुठे संपला हे त्याला सांगणारं कुणी नसतं. म्हणून एक कोड दुसऱ्याच्या सुरुवातीला येता कामा नये. भारताला ९१ दिला की ९१० ते ९१९ हे दहाही कोड कायमचे बाद. मग ही चैन कुणाला परवडू द्यायची? ज्यांचे देशांतर्गत नंबर लांबलचक होणार त्यांना, कारण कोडसकट सगळा नंबर बारा आकड्यांत बसवायचा होता. आपलं गणित काठोकाठ बसलं. मुंबईचे २२ आणि पुढचे आठ आकडे, किंवा साताऱ्याचे २१६२ आणि पुढचे सहा, दोन्हीकडे दहाच. त्याआधी ९१. (ही मर्यादा पुढे पंधरावर गेली.)

नकाशा बदलला तशी डागडुजी करावी लागली. बांगलादेश १९७१ मध्ये जन्मला तोवर रांग भरलेली. त्याला ८८० मिळाला. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीचा ३७ रिकामा झाला, तर त्याचे तुकडे करून लिथुआनियाला ३७०, लाटव्हियाला ३७१, एस्टोनियाला ३७२ दिले. कजाखस्तान मात्र अजून रशियाच्याच ७ वर आहे.

कोड तयार असला तरी आपल्याकडे बराच काळ ऑपरेटरकडे कॉल बुक करून ताटकळत बसावं लागे. मुंबईहून लंडनला थेट डायल करायची सोय १९७६ मध्ये झाली. पुढे गल्लोगल्ली एसटीडी-आयएसडीचे बूथ आले आणि बोलणाऱ्याची नजर तोंडासमोरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर खिळली.

देशाबाहेर पडायचा दरवाजा मात्र जगभर एक झाला नाही. आपल्याकडे ००, जपानात ०१०, अमेरिकेत ०११. म्हणजे न्यू जर्सीतला मुलगा घरी फोन लावताना आधी जे तीन आकडे फिरवी, ते इथे फिरवले तर दिल्ली लागे. मुंबईच्या ०२२ मधलं शून्यही परदेशातून गाळायचं असतं. ते देशातल्या देशात ट्रंक लाइन धरण्यापुरतं. मोबाइलवर शून्य दाबून धरल्यावर उमटणारं अधिकचं चिन्ह एवढंच सांगतं: तुमच्या देशाचा जो काही दरवाजा असेल, तो उघडा.