तीन तासांचा उशीर

२४ नोव्हेंबर १४७५, पेरोन

उत्तर फ्रान्समधल्या पेरोन गावात बरगंडीच्या ड्यूकची माणसे एका कैद्याला फ्रान्सच्या राजाच्या माणसांच्या हवाली करतात. कैदी सत्तावन्न वर्षांचा आहे. लुई द लक्सेंबर्ग, सां-पोलचा काउंट, फ्रान्सचा कॉन्स्टेबल. हा शब्द आपल्याकडे पोलीस चौकीत रुळला. तेव्हाच्या फ्रान्समध्ये मात्र तो सरसेनापतीचा किताब होता आणि रणात राजाच्या खालोखाल त्याचाच हुकूम चालायचा.

पहारेकरी कैद्याला घेऊन निघून जातात. हवाली केल्याला तीन तास होतात न होतात तोच ड्यूकचे जासूद घोडे फेकत येऊन पोचतात. निरोप असतो : सां-पोलला इतक्यात देऊ नका.

फिलिप द कोमीनने आधी या ड्यूकची चाकरी केली आणि मग या राजाची. ही चुकामूक त्यानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवली. ड्यूक चार्ल्स तेव्हा नान्सीला वेढा घालून बसला होता. शहर पडेपर्यंत राजाला दुखवायचे नाही, एवढ्यासाठी त्याने कैदी देण्याची तारीख कबूल केली होती. नान्सी पडली, पण ३० नोव्हेंबरला. तोवर सां-पोल पॅरिसच्या बॅस्टिलमध्ये होता.

त्याआधीचा उन्हाळा

या माणसाची सोयरीक पाहिली की त्याला कोणी हात लावू शकेल असे वाटत नाही. त्याची बायको मारी द सावोय ही फ्रान्सच्या राणीची सख्खी बहीण, म्हणजे राजा अकरावा लुई त्याचा साडू. त्याची बहीण जाकेता इंग्लंडात दिलेली, आणि तिची मुलगी एलिझाबेथ इंग्लंडची राणी. म्हणजे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड त्याच्या भाचीचा नवरा. थोरला मुलगा बरगंडीच्या ड्यूकच्या पदरी. तीन दरबार, आणि तिन्हीकडे घरचे माणूस.

याच बळावर तो दहा वर्षे तिघांनाही खेळवत राहिला. त्याच्या ताब्यात सां-काँतँ हे सरहद्दीवरचे मोक्याचे शहर होते, आणि ते आपण तुम्हालाच देणार असे तो प्रत्येकाला कळवायचा. हाममध्ये त्याने एक बुरूज बांधला होता. भिंतींची जाडी जवळजवळ अकरा मीटर, आणि दारावर कोरलेले त्याचे ब्रीद, ‘माझ्या परीने होईल तितके’.

जुलैत एडवर्ड मोठी फौज घेऊन कॅलेला उतरला. सां-काँतँच्या वेशी उघडतील या भरवशावर त्याची माणसे शहराकडे निघाली, आणि तटावरून तोफा उडाल्या. पावसात भिजत, दोन-तीन माणसे गमावून इंग्रज माघारी फिरले. एडवर्डने तेव्हाच काय ते ओळखले असणार.

ऑगस्टमध्ये सां-पोलचा वकील राजा लुईकडे आला. राजाने एका पडद्याआड कोमीनला आणि बरगंडीच्या एका सरदाराला आधीच उभे करून ठेवले होते. वकिलाला वाटले, राजा एकटाच आहे. राजाला रिझवायला त्याने ड्यूक चार्ल्सची नक्कल सुरू केली : पाय आपटणे, सेंट जॉर्जच्या शपथा, इंग्लंडच्या राजाला शिव्या. राजा म्हणाला, जरा मोठ्याने बोला, मला हल्ली कमी ऐकू येते. वकिलाने पुन्हा पहिल्यापासून सगळे करून दाखवले. पडद्यामागचा सरदार संतापाने थरथरत होता, आणि हे सारे कधी एकदा धन्याच्या कानी घालतो असे त्याला झाले होते.

२९ ऑगस्टला पिकिन्यीच्या पुलावर लाकडी जाळीच्या अल्याडपल्याड उभे राहून एडवर्ड आणि लुई यांनी तह केला. एडवर्डने सां-पोलची पत्रे लुईला देऊन टाकली. १३ सप्टेंबरला राजा आणि ड्यूक यांचेही जमले. ड्यूकने सां-पोलला धरून राजाच्या हवाली करायचे, बदल्यात सां-काँतँ, हाम, बोआँ आणि बोर्व्हार ड्यूकला.

बोर्व्हारपाशी मी दर वेळी अडखळतो. १४३० मध्ये कैदेतल्या जोन ऑफ आर्कने जिच्या मनोऱ्यावरून खाली उडी घेतली, ती हीच गढी. तिला तिथे कोंडणारा जाँ द लक्सेंबर्ग हा आपल्या सां-पोलचा सख्खा काका. दहा हजार लीव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) घेऊन त्याने जोनला इंग्रजांच्या हाती दिले. सां-पोल तेव्हा बारा वर्षांचा होता. पंचेचाळीस वर्षांनी तीच गढी त्याच्या स्वतःच्या किमतीत धरली गेली.

२७ नोव्हेंबर, बॅस्टिल

काळ्या मखमलीचे अस्तर लावलेल्या झग्यात तोंड लपवून, आखूड आयाळीच्या एका लहानशा घोड्यावरून तो आत येतो. हातांत केसाळ मोजे. चौकशी सुरू होते. पत्रे त्याचीच आहेत, नाकारण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

सां-पिएरचा सरदार खोलीत येऊन विचारतो, झोपलात का? नाही, विचार करत पडलो होतो, असे तो सांगतो. पार्लमाँने, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, बोलावले आहे हे कळल्यावर त्याला दोन गोष्टींची धास्ती वाटते. बॅस्टिलचा किल्लेदार त्याच्याशी नीट वागला होता. हा सां-पिएर मात्र आपला वैरी, अशी त्याची समजूत. दुसरी धास्ती रस्त्यावरच्या लोकांची. पॅरिस आपला द्वेष करते हे त्याला ठाऊक आहे. सां-पिएर आणि शहराचा प्रोव्हो, म्हणजे राजाने नेमलेला मुख्य अधिकारी, यांच्या मधोमध घोड्यावर बसवून त्याला नेतात.

न्यायालयात चॅन्सेलर पिएर दोरिओल आधी त्याच्या गळ्यातली सेंट मायकेलच्या सरदारमंडळाची साखळी मागतो. तो ती काढतो, ओठांना लावतो आणि देतो. मग सरसेनापतीची तलवार मागतात. ती पकडतानाच काढून घेतली, तो सांगतो. किताबही गेले आणि तलवारही, मगच अध्यक्ष पोपँकूर निकाल वाचतो : राजद्रोह, आजच, ग्रेव चौकात शिरच्छेद.

फारच कठोर निवाडा, एवढेच तो म्हणतो. आणि मरताना देवाची ओळख राहू दे.

दुपार

चार धर्मगुरू त्याच्यापाशी बसतात. त्याला अखेरचा प्रसाद, ख्रिस्ताचे शरीर मानलेली ती पोळी, हवी असते. ती नाकारतात. त्याच्यासमोर मिस्सा होते, तीर्थ आणि साधा मंत्रलेला पाव मिळतो. तेवढाच तो खातो. त्यानंतर अन्न नाही, पाणीही नाही.

१४३३ मध्ये, तो पंधरा वर्षांचा असताना, जोनला विकणाऱ्या त्याच काकाने लढाईची सवय व्हावी म्हणून त्याच्या हातून काही कैदी मारवले होते. मुलाला त्यात मोठी मजा वाटली, असे बखरकार मोन्स्त्रले नोंदवतो. त्या दुपारी त्याला ते आठवले का, हे कुठे लिहिलेले नाही. मला ते विसरता येत नाही.

एक ते दोन

पुन्हा घोडा. नदीकाठच्या ग्रेव चौकात नगरभवनासमोर मंच उभे केले आहेत.

नगरभवनात तो मृत्युपत्र सांगतो, राजाचा अधिकारी दनी एस्लँ समोर आहे. अंगावरच्या सोन्याच्या नाण्यांवरून त्याच्यासमोरच दोन पंथांच्या साधूंत कुरबुर होते. मग तो ती चौघा धर्मगुरूंत वाटून टाकतो. बोटातली हिऱ्याची अंगठी नोत्र दामच्या मेरीसाठी. शेवटी गळ्यातला एक खडा. तो विषापासून वाचवतो असा समज आहे. तो नातवाला द्या, असे सांगून साधूच्या हाती ठेवतो.

ही राजद्रोह्याला मिळालेली योग्य शिक्षा होती, हे मी नाकारत नाही. त्याने तिघांना फसवले आणि त्या फसवणुकीपायी सरहद्दीवरची किती गावे होरपळली. पण ज्यांनी त्याला दिले आणि ज्यांनी घेतले, ते गावांसाठी लढले नव्हते. त्यांनी गावांचीच वाटणी केली.

तीन

नगरभवनापासून मंचापर्यंत लाकडी पूल टाकला आहे. तो चालत जातो आणि नोत्र दामकडे तोंड करून गुडघे टेकतो, बराच वेळ प्रार्थना करतो. राजाची क्षमा मागतो, लोकांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो.

मुख्य जल्लादाचा मुलगा, ज्याला सगळे छोटा जाँ म्हणतात, आज तलवार चालवणार आहे. शहराचे चिन्ह असलेली लोकरीची उशी समोर ठेवली आहे. सां-पोल ती पायाने थोडी सरकवून नीट लावून घेतो आणि तिच्यावर गुडघे टेकतो. डोळ्यांवर पट्टी बांधतात. एका घावात काम होते. छोटा जाँ मुंडके केसांना धरून उचलतो, पाण्याच्या बादलीत धुतो आणि लोकांना दाखवतो. चौकात दोन लाखांहून जास्त माणसे होती, असे त्या काळचा पॅरिसचा बखरकार लिहितो.

धड आणि शिर कोर्देलिए साधूंच्या मठात पुरले. खडा नातवाकडे गेला नाही. चॅन्सेलरने तो राजाकडे पाठवला.