दुबलगुंडीहून मालवणकडे : लहान गटाची खाद्य-संस्कृती सहल

पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर कितीदा तरी झाले, पण समुद्र अजून पाहिला नाही, अशी साठीपुढची माणसे आपल्या दुबलगुंडीत घरोघर आहेत. गावापासून मालवणचा किनारा साधारण साडेपाचशे किलोमीटर. गेली काही वर्षे आम्ही दहा-बारा जणांचा गट करून सिंधुदुर्ग जिल्ह्यात जात आहोत. तिकडे काय खावे, काय पाहावे, केव्हा जावे आणि कुठे चुकते, हे सभासद वारंवार विचारतात. ती माहिती इथे एकत्र दिली आहे.

बीदर आणि समुद्र

आपला भाग समुद्रापासून तुटलेला आहे असे आपणच समजतो. बहामनी काळात तसे नव्हते. महमूद गवान हा इराणच्या गिलान प्रांतातला. तो १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून बीदरला आला. पुढे वजीर झाल्यावर त्याने कोकणात मोहीम काढली, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला आणि १४७२ मध्ये गोवा. बीदरमधला त्याचा मदरसा त्याच सुमाराचा आहे. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. आळंदच्या वार्षिक जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. घोड्यांना हरभरा आणि खिचडी चारतात याचे त्याला फार नवल वाटले होते. अरबी घोडा बोटीने किनाऱ्यावर यायचा आणि घाट चढून आपल्याकडे विकला जायचा. आपण सहलीला जातो तो याच वाटांच्या आसपासचा रस्ता, फक्त उलट दिशेने.

केव्हा आणि कसे जावे

येळवस झाली, तूर घरात आली की निघावे. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस आपल्या शेतीलाही सोयीचे आणि तिकडच्या हवेलाही. ओल्या काजूची उसळ आणि हापूस हवा असेल तर मार्चअखेर किंवा एप्रिल गाठावा लागतो, पण तेव्हाचा दमटपणा आपल्याला सोसत नाही. आपले ऊन कोरडे असते, तिकडे सावलीत बसूनही अंग निथळते. ज्येष्ठांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये.

आमची पहिली सहल जूनमध्ये होती. पेरणीआधी चार दिवस मोकळे होते म्हणून गेलो आणि सगळेच फसले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. किल्ल्यावर जाणारी होडीवाहतूकही पावसाळ्यात बंद. शिवाय आम्ही तेव्हा सव्वीस जण होतो. घरगुती खानावळीत एवढी पाने एकदम बसत नाहीत. दुसऱ्या पंगतीला भात आणि पिठले मिळाले, तेही त्या बाईंनी धावपळ करून केले म्हणून. दोष आमचाच होता. तेव्हापासून बारापेक्षा जास्त नावे घेत नाही.

हुमनाबादहून सोलापूर, सांगलीमार्गे कोल्हापूर हा पहिला दिवस. मुक्काम कोल्हापुरात करावा, रात्री घाट उतरू नये. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याचा करूळ घाट किंवा फोंडा घाट उतरून दुपारी मालवण. सावंतवाडीकडून सुरुवात करायची असेल तर आंबोली घाट. दुरुस्तीसाठी घाट बंद असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. रेल्वेचा विचार करणाऱ्यांना कोकण रेल्वेची कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ आणि सावंतवाडी ही स्थानके आहेत, पण आपल्याकडून गाड्या बदलण्यात जाणारा वेळ पाहता आम्ही छोटी गाडीच ठरवतो.

ताटातले

सर्वांत जास्त प्रश्न येतो तो हा : घरात माळकरी आहेत, लिंगायत शेजारी बरोबर येणार आहेत, तिकडे त्यांनी काय खायचे? मालवणी म्हणजे मासे, ही समजूत अर्धीच खरी. सोमवारी, संकष्टीला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी कितीतरी कोकणी घरांत मासे शिजत नाहीत, आणि त्या दिवसांचा स्वयंपाक आपल्या लोकांना मनापासून आवडतो. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे, फणसाची भाजी, घावन, आंबोळी, नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे. खतखते तर आपल्या येळवसच्या भज्जीचे चुलत भावंडच. आपण शेतात बसून जेवतो त्या भज्जीत हंगामातल्या सगळ्या शेंगा आणि भाज्या एकत्र येतात, खतखत्यात कंदमुळे आणि भाज्या. फरक नारळाचा आणि तिरफळाचा.

तिरफळ हे काळसर, टरफल उकललेले छोटे फळ. बांगड्यासारख्या तेलकट माशाच्या कालवणात ते अख्खे टाकतात. चावायचे नसते, बाजूला काढायचे. आमच्यातल्या एका काकांनी मिरी समजून चावले आणि पुढची दहा मिनिटे त्यांना जिभेचा पत्ता लागला नाही. आंबटपणासाठी आपण चिंच घालतो, तिथे कोकम. एप्रिल-मे मध्ये फळ पिकते, त्याची साल वाळवून आमसूल करतात. कोकमाचा आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि हिरवी मिरची यांची सोलकढी होते. आपल्या आंबिलीवर वाढलेल्यांना ती पहिल्या घोटात पातळ वाटते, दुसऱ्या दिवशी मात्र तेच वाटी पुढे करतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, वेंगुर्ल्याचा काजू आणि हापूस या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे खरेदी करताना नाव आणि मूळ गाव विचारायला संकोचू नये.

मासे खाणाऱ्यांनी सुरमई आणि पापलेट यांवरच अडून बसू नये. आपल्याला कारंजा धरणातल्या रोहू-कटल्याची आणि आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाची सवय. म्हणून ताज्या बांगड्यापासून सुरुवात करावी. तो स्वस्त असतो आणि मालवणी मसाला त्यातच खरा कळतो. कन्नड शाळेतल्या आपल्या मुलांना तो ‘बंगुडे’ म्हणून पुस्तकात भेटलेला असतो. मग पेडवे, सौंदाळे, तिसऱ्या. घरातल्या बाईंना ‘आज काय आले आहे?’ असे विचारावे आणि तेच मागावे. यादी घेऊन गेलात तर बर्फातला मासा पानात पडेल.

भाकरीचा प्रश्न मात्र राहतो. आमच्यातल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकर मागितली. वाढणाऱ्या काकी हसून म्हणाल्या, ‘आजी, ही तांदळाची असा, खाऊन तर बघा.’ आजींनी खाल्ली, पण रात्री पिशवीतल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. काकींनीही त्यातली एक मागून घेतली. आता आम्ही यजमान घरासाठी दोन किलो ज्वारीचे पीठ आणि तूरडाळ घेऊनच जातो. एका संध्याकाळी त्यांची चूल आपल्या बायकांकडे असते. सहलीतले सर्वांत लक्षात राहणारे जेवण बहुधा हेच ठरते.

रापण आणि लिलाव

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण पाहायला मिळाली तर सोडू नये. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. मिळालेल्या माशांचे वाटे पडतात. आम्ही दोराला हात लावला. तळव्यांची साले निघाली आणि जाळ्यात आले ते जेमतेम दोन टोपल्या. पारंपरिक मच्छीमार याचे कारण पर्ससीन नौका आणि रात्री प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी असे सांगतात. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरचा वाद मिटलेला नाही. आपण चार दिवसांचे पाहुणे, त्यात मत देऊ नये. पण मासा कुणाकडून घ्यायचा हे आपल्या हातात असते. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव होतो, तिथे टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यावा आणि बोटभर पिल्ले विकत घेऊ नयेत. त्यांच्याशी घासाघीस करताना आपल्या तुरीचा भाव आडतीवर कसा पाडतात ते आठवावे.

किल्ला

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते, म्हणून थोडक्यात. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४, बांधकाम पूर्ण १६६७. कुरटे बेटावर सुमारे ४८ एकर. पायात शिसे ओतले आहे. महाद्वार तटाच्या वळणात असे लपवले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहताना आपल्या लोकांचा पाय सर्वांत जास्त रेंगाळतो. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याची किंमत बोअर कोरडी गेलेल्या माणसाला जास्त कळते. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आत आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत हा एक. गुडघेदुखी असलेल्यांनी होडीत चढण्या-उतरण्यासाठी दोघांचा आधार घ्यावा.

रात्रीचा दशावतार

कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत दशावतार सुरू होतो. आधी गणपती, सरस्वती, संकासूर यांचा आड दशावतार, मग पहाटेपर्यंत आख्यान. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट जागेवर रचतात, बायकांची कामे पुरुषच करतात. पायपेटी, पखवाज आणि झांजा. आपल्याकडच्या बयलाटाची आठवण हटकून होते. कुठल्या गावी कधी आहे हे चहाच्या टपरीवर कळते. बसायला सतरंजी आणि शाल न्यावी.

देवळांतही ओळखीच्या खुणा दिसतात. तिथली सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. रा. चिं. ढेरे यांनी या वारूळपूजेतून सातेरी आणि आपली रेणुका-यल्लम्मा यांचे नाते उलगडले आहे. परतीच्या वाटेवर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहाव्यात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफाचे पत्ते तयार होतात. दशावतारी डावात १२० पाने असतात. बिदरी काम पाहिलेल्या डोळ्यांना ती बारीक रेघ लगेच भावते.

बोली

‘खय गेल्लास?’ ऐकून आमची मुले पहिल्या दिवशी हसली. मग यजमानांच्या मुलाने ‘तुम्ही कन्नड बोलता की मराठी?’ असे विचारले, कारण आपल्या मराठीत कन्नडचे हेल आहेत आणि ते आपल्याला ऐकू येत नाहीत. पुण्या-सोलापुरात आपली मुले या बोलण्यामुळे बुजतात, गप्प बसतात. मालवणात बुजली नाहीत. मच्छिंद्र कांबळी यांनी १९८० पासून ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक देशभर आणि परदेशात नेले, ही गोष्ट यजमानांनी त्यांना सांगितली. परतीच्या प्रवासात गाडीत अर्धी मालवणी, अर्धी हुमनाबादी अशी बोली चालू होती.

येताना आमसूल, काजू, खाजे, मालवणी मसाला आणावा. सुकी मासळी आणायची तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून गाडीच्या टपावर ठेवावी, आत नव्हे. ताजा मासा बर्फात घालून आणण्याचा प्रयोग आम्ही केलेला आहे. सोलापूरच्या पुढे तो जमत नाही.